सात नंबरची टेकडी

“हात साफ नाही म्हणे माझा. आता काय गंगाजलानं धुऊ?”

ईशानी सूक्ष्मदर्शकात डोळे खुपसून पुटपुटत होती. शेजारच्या स्टुलावर देवश्री तारा चिकटवायचा चांदीचा लेप काडीनं ढवळत बसली होती. दोघींच्या कोपरांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं, त्यामुळे पुटपुटणं तिला ऐकू आलं. आणि तिला ऐकू जावं अशाच बेतानं ते पुटपुटलेलं होतं.

“श्वास धरून ठेव,” देवश्री म्हणाली. “बोललीस की तार हलते.”

“हलू दे ना, काकू. तशीही टेकडी कुठे येणार आहे?”

टेकडी म्हणजे आलेखावरची. तांदळाच्या कणीएवढ्या स्फटिकातून अगदी क्षीण विद्युतसंकेत सोडायचा, इतका क्षीण की शेजारच्या खोलीत पंखा लागला तरी तो थरथरावा. मग त्याच स्फटिकाभोवती सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलणारं विद्युत क्षेत्र उभं करायचं, आणि त्या बिचाऱ्या संकेताचं काय होतं ते पाहायचं. पुस्तकं सांगतात, तो दबत जातो. सगळीकडे तो दबतच होता. फक्त अकरा वर्षांपूर्वी, याच खोलीत, सात नंबरच्या स्फटिकात तो दबता दबता मध्येच उसळला होता. क्षेत्राची वारंवारिता एका ठरावीक आकड्यापाशी आली आणि आलेखाची उतरती रेघ वर चढली, गोल झाली आणि पुन्हा उतरली. बनारससारख्या सपाट गावात तेवढी एकच टेकडी, आणि ती वेणीमाधव सरांच्या नावावर होती.

ईशानीनं चार वर्षांत एकतीस स्फटिक तपासले होते. एकातही टेकडी नव्हती.

दार उघडलं तेव्हा देवश्रीनं न बघताच ओळखलं. सर दार ढकलत नसत. आधी दोन बोटांनी वाजवत, स्वतःच्याच प्रयोगशाळेचं असलं तरी.

“ईशानी, सोमवारी प्रभावती मॅडम तुझा प्रबंध ऐकायला येतायत. पाचवं प्रकरण बदललंस?”

“नाही, सर.”

“एकच तर वाक्य घालायचंय. जोडण्या हव्या तितक्या चांगल्या झाल्या नाहीत, म्हणून परिणाम दिसला नाही.”

“पण जोडण्या चांगल्या आहेत माझ्या. संकेतात सात नंबरपेक्षा कमी गोंगाट आहे, सर. तुम्हीच बघितलंत ना मोजून.”

“मग टेकडी कुठंय?”

ईशानीनं मान वर केली. रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी. तिथं घरात मराठी, अंगणात हिंदी आणि भांडणात दोन्ही. पण आत्ता ती अगदी सावकाश, स्वच्छ मराठीत बोलली.

“नाहीच आहे, असं मला वाटतं.”

कोपऱ्यातल्या संगणकापाशी सुशांतनं खुर्ची उगाच थोडी पुढे ओढली. अकरा वर्षांपूर्वी तो सरांचा विद्यार्थी होता, आता शेजारच्या खोलीवर त्याच्या नावाची पाटी होती. टेकडीच्या लेखावर दुसरं नाव त्याचंच. खुर्ची ओढून झाल्यावर तो पडद्याकडे असा काही पाहत राहिला, की जणू तिथं क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू होती.

“मग मी सही कशावर करू?” सरांनी विचारलं. आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नसे.

“जे दिसलं त्याच्यावर करा, सर. जे नाही दिसलं ते मी नाही लिहिणार. आणि माझा हात खराब आहे, हे तर मुळीच नाही लिहिणार.”

सर थोडे हसले. मग जाता जाता देवश्रीपाशी थांबले. “तुम्हीच समजवा हिला, वहिनी.”

देवश्रीच्या हातातली काडी थांबली. घरी, दूधविनायकाच्या गल्लीत, ती त्यांची वहिनी होती, त्यांच्या बालमित्राची बायको. विभागाच्या फाटकाच्या आत मात्र देवश्रीजी. फाटकाच्या आत ‘वहिनी’ म्हणण्याची वेळ सरांवर या अकरा-बारा वर्षांत दोनदाच आली होती. आजची दुसरी.

दार मिटल्यावर ईशानी म्हणाली, “काकू, सात नंबर एकदा दाखवा ना. लांबूनच. त्याची पूजा केलेली असेल तर हातपण नाही लावत.”

“किल्ली घरी राहिली,” देवश्री म्हणाली आणि उठली. उठताना कमरेच्या जुडग्यानं खळकन आवाज केला. ईशानीनं जुडग्याकडे पाहिलं, मग पुन्हा डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले. तेच देवश्रीला लागलं.

*

पहिली ‘वहिनी’ अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चातली.

नवऱ्याला, विश्वेशला, जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. तो याच विभागात काच फुंकायचा, प्रयोगांना लागतील तसल्या नळ्या आणि फुगे करून द्यायचा. त्याच्या जागी देवश्रीला घेण्यासाठी सरांनी चार टेबलं झिजवली. बारावी पास बाई. पहिले सहा महिने तिला बाटल्या धुवायला दिल्या. बाटल्या वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून तिनं यंत्रांच्या पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचायला सुरुवात केली आणि मग ती सवयच लागली. वर्षभरात अशी वेळ आली, की स्फटिकाला तार जोडायची तर देवश्रीजींनीच.

त्या मार्चमध्ये सोन्याची तार संपली. केसाहून बारीक तार. मागवायची तर तीन कोटेशनं, पाच सह्या आणि एक अख्खा उन्हाळा लागायचा. सरांना मोजमाप आठवड्यात हवं होतं. “काहीतरी करा, वहिनी,” ते म्हणाले होते.

तिनं केलं. घरी जाऊन लग्नातल्या शालूच्या पदरातून कलाबतूचा एक धागा ओढला. जुना शालू, खरी जर: रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. तुला आता शालू कशाला, असं गल्लीतल्या एक-दोघी तेव्हा म्हणतच होत्या. कशाला ते दाखवते, असं मनाशी म्हणत तिनं तो धागा सात नंबरला जोडला. नेहमीप्रमाणे सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग सुशांतनं पाहिलं, मग सर म्हणाले, “चालू करा.”

आणि टेकडी आली.

लेख छापून आला तेव्हा त्यात तिसरं नाव होतं, डी. व्ही. मोघे. सर स्वतः घरी पेढे घेऊन आले होते. आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, लेखाचं पहिलं पान चौकटीत बसवून देवांच्या शेजारी टांगलं आणि रोज पूजा झाली की एक फूल त्या चौकटीवरही ठेवायला लागले. लेखात ‘सोन्याची तार’ असं लिहिलं होतं. तो शब्द तिला शब्दकोश न उघडताच कळला. वरून सोनंच आहे की, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

ती समजूत सहा वर्षं टिकली. मग एका नव्या यंत्राच्या पुस्तिकेत तिनं वाचलं: वारंवारिता कमी असते तोवर सरळ तार काय आणि वेटोळं काय, सारखंच, पण ती फार वाढली की वेटोळं गप्प बसत नाही. ते भोवतालचं क्षेत्र झेलतं आणि एका ठरावीक जागी स्वतःच निनादायला लागतं. कलाबतूत तर इंचाला शेकडो वेटोळी. देवश्रीनं पुस्तिका मिटली, फडताळात सगळ्यांत खाली ठेवली. वर्षभरानं ईशानी आली.

*

घरी पोचली तेव्हा आप्पा संध्या आटपून खिडकीपाशी बसले होते. शहाऐंशी वर्षांचे श्रीरामआप्पा; साठ वर्षं वेद म्हणण्यात गेली, आणि आता कानाला यंत्र लावून जगाचं म्हणणं ऐकतात, तेही मनात असेल तर.

“आज अहिल्याबाई घाटावर पारायण होतं,” त्यांनी आपणहून सांगितलं. “सहा जण म्हणणारे. एका पोराचा स्वर चुकला. आमच्यात स्वर चुकला की थांबायचं आणि अनुवाक पुन्हा पहिल्यापासून. पण यजमान मोठा, विमानाची वेळ झालेली. कुणी थांबवलंच नाही.”

“तुम्ही?”

“मी कानातलं यंत्र काढून हातात धरलं. कुणी विचारलंच तर ऐकू आलं नाही म्हणायला.” ते हसले. “बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.”

देवश्रीही हसली. मग आतल्या खोलीत जाऊन तिनं ट्रंक उघडली. शालूच्या पदरात एक बारीक फट होती, रेशमातून उजेड येण्याइतकी. ती बराच वेळ त्या फटीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं शेजारचा धागा चिमटीत धरला आणि ओढला.

*

शनिवारी सुट्टी. विभागात फक्त पंप चालू होते. देवश्रीनं कपाट उघडलं, कापसातून सात नंबर काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

“ये. लावून बघ डोळा.”

ईशानीनं पाहिलं. फोकस फिरवला. पुन्हा फिरवला.

“काकू, ही तार नाहीये. हे तर...” तिनं डोळा काढला. “हे गुंडाळलेलं आहे कशावर तरी.”

“जर आहे. माझ्या शालूतली.”

ईशानी हळूच स्टुलावर बसली. तिला जास्त काही सांगावं लागलं नाही. चार वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय उमटत गेलं ते देवश्री पाहत राहिली, आणि शेवटी जे उमटलं ते आपल्यासाठी आहे हेही तिला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पाच वर्षं झाली.”

“मी चार वर्षं बसलेय तुमच्या शेजारी.” ईशानीचा आवाज फाटला. “हद करती हो, काकू! मी रोज हात धुवायचे. साबण बदलला मी. हसू नका, खरंच बदलला. आणि तुम्ही मला म्हणायचात, श्वास धरून ठेव.”

देवश्री हसत नव्हती. तिनं पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत वीतभर कलाबतू.

“हा तुझ्या एकतीस नंबरला लावू. आणि सातची जर काढून तिथं सोन्याची तार.”

“सातला हात लावला तर परत तसा नाही होणार तो.”

“नको व्हायला.”

स्फटिक गार करायच्या द्रव नायट्रोजनची वाफ टेबलावरून सांडत होती. आधी एकतीस नंबर. उतरती रेघ आली, उतरत राहिली, आणि त्या आकड्यापाशी वर चढली. हुबेहूब तीच टेकडी. माथ्यावर किंचित डावीकडे कललेली, अकरा वर्षं सगळ्यांनी पाहिलेली. मग सात नंबर, सोन्याची तार लावून. रेघ उतरली, उतरली आणि सपाट झाली. गंगेपलीकडच्या वाळूसारखी.

ईशानीनं दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. मग निघताना तिनं देवश्रीच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि जागेवर ठेवला. रोज ठेवायची तसाच.

त्या संध्याकाळी देवश्री आप्पांना म्हणाली, “उद्यापासून त्या चौकटीला फूल नको.”

आप्पांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. “का?”

“त्या पानावर लिहिलंय ते चुकीचं आहे.”

“नाव चुकीचं आहे?”

“नाव बरोबर आहे.”

“मग मी नावाला वाहतो,” आप्पा म्हणाले.

*

सोमवारी सकाळी अकराला खोली भरली. बाहेरून आलेल्या प्रभावती मॅडम पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी सर, पलीकडे सुशांत, मागे विद्यार्थी. देवश्री सगळ्यांत मागे, दाराशेजारच्या स्टुलावर. चहा आणि प्रोजेक्टर या दोन्ही गोष्टी तिच्याकडे असायच्या.

ईशानीनं पहिली चार प्रकरणं वीस मिनिटांत संपवली. पाचव्याला ती पाणी प्यायली, आणि तिनं चार आलेख एकाच पडद्यावर मांडले. सात नंबर जरीसह. एकतीस नंबर जरीसह. मग दोन्ही सोन्याच्या तारेसह. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. दोन टेकड्या वर, दोन सपाट रेघा खाली.

“तो यह संकेत क्रिस्टल का था ही नहीं,” प्रभावती मॅडम चष्मा काढत म्हणाल्या. “तार का था.”

“जी, मॅडम. ज़री का.”

खोलीत कुणीतरी खोकलं. सुशांत स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. देवश्रीचं लक्ष सरांच्या पाठीवर होतं. मग सर उठले, पडद्याजवळ गेले, चारही आलेख त्यांनी जवळून पाहिले, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा शांत, जरा थकलेला आणि अतिशय सज्जन होता.

“मेरे लिए भी यह आज ही की ख़बर है, मॅडम,” ते म्हणाले. “ईशानी को बधाई. लेख मैं वापस लूँगा, और इसकी थीसिस पर आज ही दस्तख़त करूँगा.” क्षणभर थांबून त्यांनी मागच्या स्टुलाकडे हात केला. “हमारी देवश्रीजी से एक भूल हो गई. ज़्यादा पढ़ी-लिखी नहीं हैं, बेचारी ने अच्छे मन से ही किया होगा. मेरी विनती है, कोई इन्हें दोष न दे.”

खोलीनं श्वास सोडला. देवश्रीला तो ऐकूही आला. सगळ्यांची सोय लागली होती. ईशानीला पदवी, सरांना मोठेपणा, सुशांतला पुन्हा मान वर करायची मुभा. आणि तिला क्षमा. न मागता, आयती. मागं वळून पाहणारे चेहरे तिच्याकडे मायेनं बघत होते. प्रभावती मॅडमसुद्धा. माया घ्यायची आणि चहा आणायला उठायचं, एवढंच उरलं होतं.

देवश्री उठली. चहाच्या किटलीकडे मात्र ती गेली नाही.

सरांनी ते पाहिलं. दोन पावलं पुढे येऊन ते मराठीत, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, हे आपण घरी बोलू.”

तिसरी, तिच्या मनात आलं.

मराठी कळणारे खोलीत चौघंच होते; ती, सर, ईशानी आणि सुशांत. मराठीत बोललं असतं तर ही गोष्ट या अकरा वर्षांसारखी पुढेही घरीच राहिली असती. देवश्रीनं पदर खोचला आणि सगळ्यांना कळेल अशा हिंदीत ती बोलली.

“धागा मैंने लगाया, मॅडम. और पाँच साल से मालूम था, फिर भी चुप रही. इस लड़की के चार साल गए. उतना मेरे नाम पर लिखिए, पूरा लिखिए. नाम है देवश्री विश्वेश मोघे.”

मग ती सरांकडे वळली. तिनं आवाज खाली आणला नाही.

“लेकिन सर, चालू करने से पहले आपने देखा था. माइक्रोस्कोप में. दो बार फोकस किया था आपने.”